दाढीखालचा व्रण

माझ्या दाढीबद्दल लोकांची मतं ठाम असतात. मशिदीत कुणी बऱ्याच दिवसांनी भेटलं की म्हणतं, "माशाअल्लाह, चेहऱ्यावर नूर आला." ऑफिसातले जुने मित्र आवाज खाली आणून विचारतात, "काय रे, अलीकडे फार धार्मिक झालास?" लोकलमध्ये माझ्या शेजारची जागा जरा उशिरा भरते. खरं कारण साधं आहे. माझ्या उजव्या जबड्यावर केलॉइड आहे आणि डॉक्टरांनी तिथे वस्तरा लावायला मनाई केली आहे.

त्वचेला जखम झाली की शरीर कोलॅजन नावाचं प्रथिन तयार करून ती सांधतं आणि काम झालं की थांबतं. केलॉइडमध्ये ते थांबतच नाही. व्रण मूळ जखमेची हद्द ओलांडून शेजारच्या धडधाकट त्वचेवर पसरत जातो. अलिबेर या फ्रेंच डॉक्टरांनी १८०६ साली त्याचं वर्णन केलं. आधी त्यांना तो कर्करोगासारखा वाटला होता, पण तो कर्करोग नव्हे हे लक्षात आल्यावर त्यांनी खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याला नवं नाव दिलं. आमच्या मोहल्ल्यात मात्र कुणी त्याला चरबीची गाठ म्हणतं, कुणी नजर लागली म्हणतं. तो संसर्गाने पसरत नाही. सावळ्या आणि काळ्या त्वचेत तो जास्त आढळतो आणि पुष्कळदा घराण्यात चालत येतो. अब्बांच्या दंडावर लस टोचल्याच्या जागी असाच फुगवटा होता. माझा एका पुटकुळीतून सुरू झाला. दाढी करताना ती रोज कापली जायची.

पहिल्या डॉक्टरांनी तो कापून काढला. सहा महिन्यांत तो परत आला, आधीपेक्षा मोठा. कापणं ही त्वचेच्या दृष्टीने आणखी एक जखमच. म्हणून नुसत्या शस्त्रक्रियेनंतर केलॉइड परत येण्याचं प्रमाण निम्मं किंवा त्याहूनही जास्त असतं. कापायचाच असेल तर पाठोपाठ इंजेक्शनं किंवा रेडिएशन द्यावं लागतं. हे मला दुसऱ्या डॉक्टरांकडे कळलं. त्यांनी दर चार आठवड्यांनी थेट व्रणात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुरू केलं. सुईचं फारसं काही वाटत नाही. त्या टणक मांसात औषध शिरतं तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. आधी रात्रीची खाज थांबली, मग हळूहळू उंची कमी झाली. आता आजूबाजूची त्वचा पातळ आणि फिकट पडली आहे, तो या औषधाचाच परिणाम. कानाच्या पाळीवरच्या केलॉइडला दाब देणारी क्लिप लावतात, छातीवरच्याला सिलिकॉनची पट्टी महिनोन्महिने. दाढीत पट्टी टिकत नाही.

एकदा इंजेक्शनची तारीख रमजानमध्ये आली. मौलानांना विचारलं. ते म्हणाले, "इलाज चुकवू नका. त्वचेत दिलेल्या औषधाने रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमा मानतात."

दाढीचं खरं कारण मी काही जणांना सांगून पाहिलं. मशिदीतले थोडे हिरमुसतात. ऑफिसातल्यांचे चेहरे मात्र लगेच सैल होतात. "अरे, असं होय! आधी बोलायचंस ना." हा त्यांचा सुटकेचा सुस्कारा मला व्रणापेक्षा जास्त टोचतो. अब्बांनी आयुष्यभर दाढी ठेवली, ती श्रद्धेने. त्यांच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती आणि त्यांना तिची गरजही वाटली नाही. आजाराची दाढी चालते आणि श्रद्धेची खटकते, हे ज्यांच्या वागण्यातून दिसतं त्यांना मी आता कारण सांगत नाही. त्यांना जे समजायचं ते समजू दे.

सध्या घरात वेगळाच प्रश्न आहे. लेक सात वर्षांची झाली, कान अजून टोचलेले नाहीत. अम्मीच्या दोन्ही कानांना वरपर्यंत भोकं आहेत, बाल्यांची रांग घालून ती निकाहाला उभी राहिली होती. तिचं म्हणणं, "बेटा, लडकी के कान सूने अच्छे नहीं लगते." डॉक्टरांचं म्हणणं, दोन पिढ्यांत केलॉइड असताना हौसेची जखम टाळलेलीच बरी. अम्मीच्या कानांना काही झालं नाही, मग नातीच्याच का होईल, याचं उत्तर माझ्याकडे नाही. होईलच असंही नाही. पण झालं तर त्या इंजेक्शनच्या टेबलावर ती झोपेल, अम्मी नव्हे.

आम्ही थांबायचं ठरवलं आहे. मोठी झाल्यावर तिला माझा जबडा दाखवून सगळं समजावून सांगू, मग तिचे कान आणि तिचा निर्णय. तोवर ईदला दाबून बसवायच्या बाल्या आणल्या आहेत. अम्मीने त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि एवढंच म्हणाली, "गिर जाएंगे."