दुष्काळात धर्म सोडलेली माणसं

दुष्काळात ज्यांनी धर्म बदलला त्यांनी तो धान्यासाठी विकला, असं मी आयुष्याची बरीच वर्षं मानत आले. नगर जिल्ह्यात हे मत कुणाला शिकवावं लागत नाही. नेवासा, राहुरी, शेवगाव या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत एखादं लहानसं चर्च आहे, आजूबाजूला थोडी घरं आहेत आणि त्या घरांबद्दल गावात ठरलेलं एक वाक्य आहे: मोठ्या दुष्काळात मिशनवाल्यांनी धान्य वाटलं आणि हे बाटले. त्या घरांतल्या मुली माझ्या वर्गात होत्या. त्यांच्या देखत मी हे वाक्य बोलले आहे.

आज मी ते बोलणार नाही. माझं मत बदलायला कारण झाला तो आयर्लंडचा दुष्काळ.

त्या दुष्काळाचे ठोकळ आकडे मला माहीत होते. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर करपा पडला. गरीब कुळांचं जवळजवळ सगळं जेवण बटाट्यावर होतं, आणि पुढची काही वर्षं तेच पीक पुन्हा पुन्हा हातचं गेलं. सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि तापानं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ मध्ये सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाखांवर आली. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि गुरं इंग्लंडला जातच होती.

मला थांबवलं ते त्यातल्या एका लहानशा गोष्टीनं. प्रॉटेस्टंट मिशनांनी काही ठिकाणी, उदाहरणार्थ अ‍ॅचिल बेटावर, वसाहत आणि शाळा चालवल्या होत्या. तिथे शाळेत येणाऱ्या कॅथलिक मुलांना जेवण मिळे आणि त्याबरोबर बायबलही. ज्या घरांनी मुलं पाठवली त्यांच्यावर सूप पिऊन धर्म सोडल्याचा शिक्का बसला आणि तो नातवंडांपर्यंत पुसला गेला नाही. खरं तर बहुतेक मदतीला धर्माची अट नव्हती. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी सूपगृहांतून रोज सुमारे ३० लाख माणसं जेवत होती. क्वेकर पंथाच्या लोकांनी तर कुणालाच धर्म विचारला नाही. प्रत्यक्ष धर्मांतरं थोडीच झाली, टोमणा मात्र सूपपेक्षा कितीतरी जास्त टिकला.

वाचताना मी क्षणात मुलं पाठवणाऱ्या आईच्या बाजूची झाले. लेकराच्या पोटात काही पडावं म्हणून ती दुसऱ्या चर्चात जाऊन बसली, तर तिनं कुणाचं काय घोडं मारलं? आणि लगेच लक्षात आलं की सातासमुद्रापारच्या बाईसाठी जे माझ्या मनात न मागता उमटलं, ते नेवाशाच्या बाईसाठी कधीच उमटलं नव्हतं. आयर्लंडातलं भांडण माझं नव्हतं, म्हणून मला तिथली भूक दिसली. इथे भांडणात मी एका बाजूला उभी होते.

मग मी आपल्याकडचा तो मोठा, १८७६-७७ चा दुष्काळ नीट वाचायला घेतला. पाऊस गेला तो सगळ्यांचाच गेला, पण मरण सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलं नाही. ज्याच्या पेवात जुनी ज्वारी होती, ज्याला सावकार उभा करत होता, तो काही महिने तग धरू शकला. गावकुसाबाहेरच्या महार-मांग कुटुंबांचं पोट बलुत्यावर आणि शेतमजुरीवर. खळंच झालं नाही तर बलुतं कुठलं? विहिरी आटल्या तेव्हा ज्या विहिरीत पाणी उरलं होतं, तिथे त्यांना घागर बुडवायची मुभा नव्हती. आधी दुष्काळ नसतानाही नव्हती. ज्या धर्मानं त्यांना पाण्यापाशी येऊ दिलं नाही तो त्यांनी विकला असं म्हणताना, मुळात त्यांच्या हाती त्यातलं काय होतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

आणि अटी घातल्या नाहीत कुणी? आयर्लंडात १८४७ च्या कायद्यात विल्यम ग्रेगरी नावाच्या खासदारानं एक कलम घालून घेतलं: ज्याच्याकडे पाव एकराहून जास्त जमीन आहे त्याला ती सोडल्याशिवाय सरकारी मदत नाही. हजारो कुटुंबांनी जमीन सोडली. दख्खनमध्ये सरकारनं सर रिचर्ड टेंपल यांना पाठवलं. याच माणसानं १८७४ मध्ये बिहारात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसं जगवली होती, आणि फार खर्च केला म्हणून बोल खाल्ले होते. आता त्यांनी दुष्काळी कामांवरच्या मजुरीत धान्याचं माप दिवसाला एका पौंडावर आणलं, वर एखादा आणा. म्हणजे जेमतेम अर्धा किलो धान्य, दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला. मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. सरकारनं भाकरीच्या बदल्यात जमीन मागितली, अंगातलं उरलंसुरलं बळ मागितलं. ते देणाऱ्याला कुणी विकाऊ म्हणत नाही. म्हणूही नये.

आमच्या घराचंच सांगते. १९७२ च्या दुष्काळात माझे वडील, सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस, खडी फोडायला गेले. गावातले आणि गावकुसाबाहेरचे एकाच हजेरीपटावर होते. १९७३ च्या मध्यावर महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. आमच्या चुलीवर अमेरिकेचा मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी, शिजला, आम्ही पोरांनी सुकडी खाल्ली. आम्हाला कुणी विचारलं नाही की बदल्यात काय सोडता. आमचा धर्म शाबूत राहिला यात आमची कुठलीच बहादुरी नव्हती. सरकार आपलं होतं, मतं मागायला येणारं होतं, आणि त्यानं पोटाआड अट घातली नाही.

आणखी एक गोष्ट मी सोयीनं विसरले होते. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ पासून आहे, म्हणजे १८७६ च्या दुष्काळाच्या साडेचार दशकं आधीपासून. सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला नगरला याच मिशनच्या मिस फरारबाईंकडे गेल्या, हे मी अभिमानानं सांगत असे. त्याच मिशनच्या शाळेत वेशीबाहेरची मुलं गेली, अक्षर शिकली आणि त्यातली काही ख्रिस्ती झाली, ती दुष्काळापूर्वीच. आंध्रात ओंगोलला क्लाऊ नावाच्या मिशनऱ्यानं दुष्काळ चालू असताना बाप्तिस्मा देणंच थांबवलं होतं. दुष्काळाचं काम संपल्यावर, ३ जुलै १८७८ या एका दिवशी तिथे २,२२२ माणसांनी बाप्तिस्मा घेतला. धान्यवाटप संपल्यावर आलेली ही माणसं धान्यासाठी आली होती असं कसं म्हणायचं?

मिशनविषयी माझ्या मनात सगळं साफ झालं आहे असं मात्र नाही. १९०० सालच्या दुष्काळात 'क्विटो' जहाजातून अमेरिकेचा मका मुंबईला आला, त्याच्या वाटपात नगरचे रॉबर्ट ह्यूम पुढे होते, आणि त्यानं जीव वाचले. पण त्याच काळात हाडांचे सापळे झालेल्या मुलांचे फोटो देणग्यांसाठी परदेशी मासिकांत छापले गेले, आणि किती जण ख्रिस्ती झाले याची मोजदाद अहवालांत होत राहिली. अनाथ पोरं मिशनच्या वसतिगृहांत वाढली, सुतारकाम, विणकाम शिकली, जगली. पण त्यांना कोणत्या देवाचं नाव घ्यायचं हे विचारायला त्यांचं कुणी उरलं नव्हतं. देणाऱ्यानं ताटाबरोबर देव वाढावा का, यावर माझं उत्तर आजही नाही असंच आहे, मग देणारा कुठल्याही धर्माचा असो. घेणाऱ्याकडे मात्र मी आता कसलाही हिशेब मागत नाही.

आमच्या गावाच्या इतिहासाची पुस्तिका काढायचं चाललं आहे. दुष्काळाचं प्रकरण माझ्याकडे आलं आहे. टेंपल आणि मिलो दोन्ही त्यात येतील. चर्चजवळच्या घरांचा मजकूर मी ऐकीव वाक्यावरून लिहिणार नाही. त्या घरांतल्या थोरांकडे जाऊन बसणार आहे. त्यांच्या पणज्यांनी काय खाल्लं, कुठल्या विहिरीवरून परत फिरल्या, कुणी त्यांना दारात उभं केलं आणि कुणी केलं नाही, हे ते सांगतील तसं छापायचं, गावाला झोंबलं तरी. पुस्तिकेच्या समितीतल्या दोघांचा याला विरोध आहे. मी माझं म्हणणं लेखी दिलं आहे.