खरखर कुठून येते?

शॉर्टवेव्ह मेली, असं आमचे बाबा ठामपणे सांगतात. मृत्यूची तारीखसुद्धा त्यांच्याकडे आहे: ३१ जानेवारी २०२०. त्या दिवशी बीबीसी हिंदीचं रेडिओ प्रसारण बंद झालं आणि कराडच्या घरातला रेडिओ माळ्यावर गेला. त्याआधी रेडिओ नेदरलँड्स (२०१२), रेडिओ ऑस्ट्रेलिया (२०१७) अशी एकेक मंडळी शॉर्टवेव्ह सोडून गेलीच होती. त्यामुळे बाबांचा युक्तिवाद बिनतोड वाटतो.

मला तो अर्धाच पटतो. गेलं वर्षभर शनिवार-रविवार मी याच उद्योगात घालवतोय, आणि माझं मत असं झालंय की बरीच स्टेशनं मेली हे खरं, पण उरलेल्यांचा गळा आपण आपल्याच घरात बसून दाबतोय.

आधी उद्योग काय ते सांगतो. पेनड्राइव्हएवढा एक डोंगल मिळतो. त्यातली आरटीएल२८३२यू नावाची चिप मुळात कॉम्प्युटरवर डिजिटल टीव्ही बघण्यासाठी होती. २०१२ च्या सुमारास काही उचापती मंडळींच्या लक्षात आलं की ही चिप अँटेनावरून आलेला कच्चा सिग्नल आकड्यांच्या रूपात थेट लॅपटॉपला देऊ शकते. झालं! ट्यूनर, फिल्टर, डिमॉड्युलेटर, जे जे पूर्वी कॉइल आणि कंडेन्सरने व्हायचं ते सगळं कोडमध्ये. यालाच सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ म्हणतात. इंजिनिअरिंगला फूरियर ट्रान्सफॉर्म रट्टा मारून पास झालेल्या माझ्यासारख्याला तो डोळ्यांसमोर धावताना बघणं म्हणजे जुनी उधारी फिटल्यासारखं वाटतं.

साध्या डोंगलचा ट्यूनर २४ मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाही आणि शॉर्टवेव्ह तर ३ ते ३० मध्ये. मग 'डायरेक्ट सॅम्पलिंग' करायचं, म्हणजे ट्यूनरला बायपास करून अँटेना सरळ चिपला जोडायची. घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झचं, म्हणून नायक्विस्ट साहेबांच्या कृपेने १४.४ पर्यंत नीट दिसतं. चिप आठच बिटची, म्हणजे आवाज मोजायला पायऱ्या फक्त २५६. जवळचं एखादं दणदणीत स्टेशन आलं की बारक्यांचं काही खरं नाही. पण सुरुवातीला पुरे.

खरी मजा वॉटरफॉलमध्ये. स्क्रीनवर वरून खाली रंगांचा धबधबा सरकत राहतो, आडवी फ्रिक्वेन्सी, उभा वेळ. जिथे स्टेशन तिथे उजळ रेघ. पहिल्या दिवशी आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मी बाल्कनीत वायर टांगून ७ मेगाहर्ट्झच्या आसपास बघितलं तर रेघाच रेघा! वाटलं, बाबांना आत्ताच फोन करावा. ऐकलं तर नुसती घरघर. रेघा ठरावीक अंतरावर, कंपासपेटीतल्या पट्टीवरच्या खुणांसारख्या, आणि जरा डुलणाऱ्या. स्टेशनं अशी डुलत नाहीत.

हे सगळे चार्जर आणि अ‍ॅडॉप्टर. आतला सर्किटवाला विजेला सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, त्याच्या पटी थेट शॉर्टवेव्हपर्यंत पोचतात. स्वस्त मालात फिल्टरचे दोन-चार रुपये वाचवलेले असतात, आणि मग घरातली वायरिंगच अँटेना होऊन ते वाटत सुटते.

एका शनिवारी रात्री लॅपटॉप बॅटरीवर ठेवला आणि घराचा मेन स्विच पाडला. (बायकोला आधी सांगितलं होतं. वेळ नीट सांगितली नव्हती, एवढंच.) धबधबा एकदम काळोखा झाला, आणि त्या काळोखात बारीक, सरळ, न हलणाऱ्या रेघा उरल्या. १० मेगाहर्ट्झवर दर सेकंदाला एक टिक. अर्ध्या तासाने त्याने मोर्समध्ये नाव सांगितलं, बीपीएम. चीनच्या शान्शी प्रांतातलं, वेळ सांगणारं केंद्र. हजारो किलोमीटरवरून आयनोस्फिअरला धडकून आमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर येत होतं. रोजच येत असणार, आमचा टीव्ही त्याला बोलू देत नव्हता.

मग एकेक बटण चालू करत गुन्हेगार शोधले. वायफाय राउटरचा अ‍ॅडॉप्टर, टीव्हीमागची शोभेची एलईडी पट्टी, आणि सगळ्यात नामचीन म्हणजे फोनबरोबर न आलेला तो दीडशे रुपयांचा चार्जर. पट्टी काढली, चार्जर बदलला, राउटरच्या वायरला फेराइटची कडी अडकवली. निम्मा गोंगाट गेला. उरलेला लिफ्टचा आणि शेजारपाजारचा. आता शेजारच्या काकांना "तुमचे दिवे मालवा, मला रोमानिया ऐकायचंय" असं कोणत्या तोंडाने सांगणार?

टीममधला एकजण म्हणाला, "अरे, सगळं फोनवर स्ट्रीम होतं, कशाला एवढी मरमर?" प्रश्न रास्त आहे. पण ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये फोन आणि इंटरनेट बंद झाले, तेव्हा बीबीसीने शॉर्टवेव्हवरचं हिंदी प्रसारण अर्ध्या तासाने वाढवलं. मार्च २०२२ मध्ये युक्रेनसाठी, मे २०२३ मध्ये सुदानसाठी पुन्हा शॉर्टवेव्हच काढावी लागली. स्ट्रीमला मधे टॉवर लागतो, केबल लागते, आणि ती कापायला कुणाचा तरी एक हुकूम पुरतो. शॉर्टवेव्ह जॅम करता येते, पण तिला मधे काही लागत नाही, आणि कोण ऐकतंय हे पाठवणाऱ्यालाही कळत नाही. काश्मीरसाठी वाढवलेला तो हिंदी कार्यक्रम पाच-सहा महिन्यांत कायमचा बंद झाला, हे मात्र मला अजून पचलेलं नाही.

आणि समजा उद्या गरज पडली, कुणी पाठवलंही, तरी आपल्या बिल्डिंगमध्ये ते ऐकू येणार आहे का? माझ्या वॉटरफॉलवर बघितलं तर उत्तर सध्या तरी 'नाही' असंच दिसतं.

गोंगाटापासून लांब म्हणून आता टेरेसवर वायर टाकायचा बेत आहे. ४१ मीटरच्या बँडला अर्धी तरंगलांबी म्हणजे साधारण वीस मीटर, बाल्कनीत कशी मावणार? सोसायटीकडे अर्ज दिलाय. सेक्रेटरी काकांनी तो दोनदा वाचला, चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "यातून तुम्ही पाठवणार काय?"

म्हटलं, "काही नाही काका, फक्त ऐकणार."

रविवारच्या मीटिंगमध्ये विषय ठेवतो म्हणालेत.