'मूड' नेमका कुणाला?

'पुरुषांच्या डोक्यात सतत तेच असतं, सायन्स आहे बॉस!' ऑफिसच्या कॅन्टीनमधला हा डायलॉग तुम्हीही ऐकला असेल. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७२ मध्ये मांडलेली थिअरी यामागे आहे. मूल म्हणजे बाईची नऊ महिन्यांची आणि पुढच्या दुधाची गुंतवणूक, पुरुषाची काही मिनिटांची. म्हणून ती चोखंदळ, तो उतावीळ. १९८९ मध्ये फ्लोरिडाचे प्रयोग प्रसिद्ध झाले. अनोळखी व्यक्तीने थेट सेक्ससाठी विचारल्यावर दहातले सातेक मुलगे 'हो' म्हणाले, मुलगी एकही नाही.

लग्न ठरल्यापासून मी हेच ऐकतेय. केळवणाला मावशी कानात म्हणाली, 'पुरुषाची जात, नाही म्हणू नये गं.' थिअरी तीच, फक्त सायन्सशिवाय!

सर्व्हेतही सरासरी पुरुषांचीच इच्छा जास्त दिसते, मान्य. पण मी मूळची चकलांब्याची, गेवराई तालुक्यातली. आमच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी जोड्या ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', उचलही जोडीवर. अंधारात उठून बाईने भाकरी थापायच्या, दिवसभर फडात राबायचं, रात्री कोपीत मुलांशेजारी अंग टाकायचं. खाडा झाला की पैसे कापतात. २०१९ च्या सरकारी समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. अशा बाईची 'इच्छा' मोजली, तर आकडा जीन्सचा की थकव्याचा?

शहरात कोपी नाही, पण लोकलची गर्दी, घरी आल्यावर कुकर आणि दिवस राहण्याची भीती आहेच. टेरी कॉन्ली यांनी २०११ मध्ये तोच प्रश्न जरा बदलून विचारला. समोर अनोळखी माणसाऐवजी देखणी सेलिब्रिटी आहे अशी कल्पना करा म्हटल्यावर मुलगे-मुलींमधली दरी मिटली. धोका किती आणि सुख मिळेल का, हा हिशोब मुली करत होत्या.

र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मधून स्त्रीच्या कामसुखाबद्दल लिहीत राहिले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं.

होणाऱ्या नवऱ्याला मी हे सगळं सांगितलंय. सायन्सचा हवाला चालणार नाही. दोघांनी विचारायचं, दोघांनी 'नाही' ऐकून घ्यायचं. आणि हो, कुकर अर्धा-अर्धा!