आधी रातकिडे, मग भेक

माझ्याकडे येणाऱ्या आजारी भेकांपैकी बहुतेकांचं घर झकास असतं. काचेची टाकी, शेवाळ, रंगीत दिवा, क्वचित चिमुकला धबधबासुद्धा. बिघडलेलं असतं ते पाणी, नाहीतर जेवण. अमेरिकेत ओहायो राज्यात सरडे, कासवं, बेडूक अशा मंडळींचा माझा दवाखाना आहे. इथे अंगणात निघणारा अमेरिकन टोड, म्हणजे खरबरीत पाठीचा गुबगुबीत भेक, मुलं हौसेने पाळतात. त्यात आपली मराठी घरंही आली. टाकी कोणती घेऊ, असं विचारत लोक येतात. मी सांगतो, आधी रातकिडे पाळायला शिका, भेकाचं मग बघू.

टाकीचं काम तासाभराचं. एका-दोघांना दहा गॅलनची, म्हणजे साधारण 38 लिटरची आडवी टाकी पुरते. तळाला तीन-चार इंच ओलसर कोकोपीट घालायचं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी ठिबकू नये. भेक मागच्या पायांनी उकरत उलटा आत शिरतो, त्याला एवढी खोली लागतेच. शोभेचे बारीक खडे नकोत. किड्याबरोबर ते गिळले जातात आणि आतडं तुंबतं. लपायला फुटकी कुंडी, वर जाळीचं झाकण. तापमान 18 ते 24 अंश सेल्सिअस. त्यामुळे घरात गरम करणारा दिवा बहुधा लागतच नाही, दुकानदार काहीही म्हणो.

पाण्याचं मात्र नीट ऐका. भेक तोंडाने पाणी पीत नाही. उथळ ताटलीत बसतो आणि ओटीपोटाच्या पातळ कातडीतून ते शोषून घेतो. पाण्यात जे असेल ते सरळ अंगात जातं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण अमेरिकेतल्या अनेक शहरांत पाण्यात क्लोरामाइन असतं, ते असं उडत नाही. त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं औषधच घालावं लागतं. शिवाय भेक त्याच ताटलीत घाण करतो, म्हणून पाणी रोज बदलायचं.

जेवणाचा पहिला नियम: भेक हलणारंच खातो. जर्मनीत योर्ग-पेटर एव्हर्ट यांनी भेकांसमोर पट्ट्या सरकवून प्रयोग केले. पट्टी आपल्या लांबीच्या दिशेने सरकली की भेक तिला अळी समजून वळतो. तीच उभी धरून सरकवली की ढुंकूनही बघत नाही. डब्यातलं कोरडं खाद्य म्हणूनच पडून राहतं.

एकदा एक मराठी बाई मुलाच्या भेकाला घेऊन आल्या. ‘‘डॉक्टर, किडा समोर असतो, हा झडपही घालतो, पण तोंडात काही येत नाही. याचे डोळे गेले का हो?’’ मी टेबलावर रातकिडा सोडला. भेकाने मान वळवली, पुढे झुकला. जीभ बाहेर आली, किड्याच्या पाठीवर टेकली आणि रिकामी परत गेली. डोळे उत्तम होते. जिभेचा चिकटपणा गेला होता. अ जीवनसत्त्व कमी पडलं की जिभेतल्या चिकट स्राव करणाऱ्या पेशींच्या जागी कोरड्या, टणक पेशी येतात. वायोमिंग टोड ही रानातून जवळजवळ नाहीशी झालेली जात वाचवायला प्राणिसंग्रहालयांत वाढवली, तेव्हा तिच्यातही हाच आजार दिसला.

‘‘काय खायला घालता?’’ मी विचारलं. ‘‘दुकानातले किडे. डबा उघडायचा की सोडायचे.’’

इथेच घोडं पेंड खातं. दुकानातला रातकिडा बहुधा स्वतःच उपाशी असतो. त्यात कॅल्शियमच्या कित्येक पट फॉस्फरस; नुसत्या अशा किड्यांवर वाढलेल्या पिल्लाची हाडं मऊ पडतात. म्हणून किडे आणले की एक-दोन दिवस त्यांनाच पालेभाजी, रताळं आणि कॅल्शियमयुक्त खाद्य द्यायचं. मग पिशवीत घालून कॅल्शियम आणि ड-३ची भुकटी चोळायची. किड्यांना गाजर घातलं की अ जीवनसत्त्वाची सोय झाली, असंही नाही. अनेक उभयचरांना गाजरातल्या बीटा-कॅरोटिनचा तेवढा उपयोग करून घेता येत नाही. तयार अ जीवनसत्त्व असलेली भुकटी अधूनमधून लागते, पण तीही बेताने, कारण जास्त झालं तर तेही बाधतं.

वाढत्या पिल्लाला रोज, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा, संध्याकाळी चार-सहा किडे. किडा भेकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. उरलेले काढून घ्या, रात्री ते भेकालाच चावतात. औषध न फवारलेल्या मातीतलं गांडूळ मिळालं तर उत्तमच. (इथे झुरळंसुद्धा याच कामासाठी विकत मिळतात. आईला फोनवर सांगितलं, तिचा अजून विश्वास बसलेला नाही.)

भेक आणण्याआधी आपल्या राज्याचा कायदा विचारा. भारतात तर रानातला प्राणी घरी आणण्याच्या भानगडीत पडूच नका. हाताळल्यावर हात धुवा, कानामागच्या ग्रंथींत विष असतं. आणि हौस फिटली म्हणून त्याला ओढ्याकाठी सोडू नका. टाकीत लागलेली कायट्रिड बुरशी तिथल्या बेडकांनाही लागू शकते. दुसरा पाळणारा शोधा, नाहीतर आमच्यासारख्या डॉक्टरांकडे आणून द्या. आम्ही कारण विचारणार नाही.