जाड पट्टीचा मोह

मांजरा नदी आमच्या पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि आमची तहान न भागवता पुढे निघून जाते. बालाघाटाच्या या माथ्यावर पाऊस मोजकाच. अशा कोरड्या हवेत लोखंड टिकायला हवं, असं कुणालाही वाटेल. एकदा जुन्या पिकअपखाली पाठ टेकून झोपा, समज गळून पडतो. लाल भुग्याच्या रूपात थेट डोळ्यांत.

इथला गंज हौद्यातून झिरपतो. शेळ्या बाजारला नेल्या की त्यांचं मूत फळ्यांच्या फटींतून क्रॉस मेंबरवर उतरतं. कॅनमधून सांडलेलं दूध आंबतं. पोटॅशचं पोतं फुटलं तर सगळ्यात वाईट. तो क्षार ओल धरून ठेवतो आणि त्यातलं क्लोराईड पत्रा कुरतडत राहतं. वर पावसाळ्यातली काळी माती. चासीतून पाणी निथळावं म्हणून कंपनीने ठेवलेली भोकं ती बुजवून टाकते, आणि रस्त्यावर धुरळा उडत असला तरी आतला चिखल ओलाच.

सध्या ठोकळ्यांवर आहे ती महिंद्राची जुनी पिकअप, जीपच्या घराण्यातली. १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात झाली, तिथून चालत आलेली ही वंशावळ: खाली दोन लाँग मेंबर, त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर, पुढे-मागे पाटे, आणि वर बोल्टांनी बसवलेला केबिन-हौदा. सगळं सुटं होतं, म्हणून दुरुस्तही होतं. मालक ऊसतोड टोळीचा मुकादम. दसरा-दिवाळीनंतर टोळी कारखान्यावर निघाली की भांडीकुंडी, सरपण, शेळी, लेकरं, सगळं हिच्यातच. पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी द्यायचा नियम २०२१ साली आला. पण त्या गाडीने धंदा करायचा नाही, अशी अट. मुकादमाला असला मान परवडत नाही.

मी आधी छोटी हातोडी घेतो. शाबूत लोखंड टणकन बोलतं, खाल्लेलं बद्द वाजतं. जास्त वेळ जातो तो मागच्या पाट्याच्या हँगरपाशी, कारण तिथे पत्र्यावर पत्रा असतो. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. दोन पत्र्यांत धरला की रिवेट ताणून तो पत्रे उचलतो. पापुद्रे निघायला लागले की स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. या गाडीत तो मुठीपर्यंत गेला. आधी कुणीतरी तिथे लांबी भरून वर काळा रंग मारला होता. मडगार्डच्या पोच्याला लांबी ठीक. चासीत लांबी भरणं ही सरळ फसवणूक.

“मिस्तरी, चांगली दहा एमएमची पट्टी मारा. परत बघायचं काम नको,” मुकादम म्हणाला.

सगळेच हे म्हणतात, आणि इथेच माझं गिऱ्हाइकाशी वाजतं. कारखान्याच्या रस्त्याला एक चाक खड्ड्यात आणि दुसरं उंचवट्यावर असतं तेव्हा चासी पिळवटते. पिळवटायलाच ती बनवलेली असते. मधल्या हातभर जागेत दहा एमएम ठोकली की तेवढा तुकडा हटून बसतो, पीळ घेत नाही. मग सगळा ताण पट्टीच्या टोकाशी, जुन्या पत्र्यावर जमा होतो. पुढे तडा जातो तो पट्टीच्या शेजारी. आणि तो तडा दाखवून गिऱ्हाईक म्हणतं, बघा, पट्टी अजून जाड हवी होती!

म्हणून मी मूळ पत्रा मोजतो आणि तेवढ्याच जाडीची पट्टी घेतो. टोकं सरळ न कापता निमुळती, तिरकी करतो, म्हणजे ताण एका रेषेवर येत नाही. वरच्या-खालच्या कडेवर आडवा वेल्ड मारत नाही. वाकताना सगळ्यात जास्त ओढ तिथेच असते आणि आडवा वेल्ड म्हणजे तड्याला आखून दिलेली रेघ. उभ्या पोटाला भोकं पाडून ती वेल्डने भरतो. त्याआधी गंजलेला भाग चमकता, पुऱ्या जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापतो. गिऱ्हाईक या वेळी जवळ नसलेलं बरं. पातळ पत्र्यावर वेल्ड धरत नाही, कडा जळत जाते आणि भोक वाढतं.

कापण्याआधी हौदा उतरवायचा, डिझेलची टाकी काढायची, बॅटरी सोडायची. चासी समपातळीत ठोकळ्यांवर घेऊन दोन्ही कर्ण टेपने मोजायचे, आकडे खडूने तिच्यावरच लिहायचे. टाके मारून कर्ण पुन्हा मोजायचे, मग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे वेल्ड. माझ्या पोऱ्याला पाणी मारून गार करायची फार घाई. तापलेला जोड असा विझवला तर तडकायची भीती असते, हे त्याला अजून पटलेलं नाही.

अमेरिकेत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. तिथल्या टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा, सेक्वोया गाड्यांच्या चासी गंजल्या, तेव्हा २०१६ साली सुमारे १५ लाख गाड्यांसाठी कंपनीने ३४० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. भोक पडलेल्या गाडीला नवी चासी मिळायची. आमच्याकडे पट्टीच.

बाहेरून रेड ऑक्साईड सगळेच मारतात. पण वेल्डच्या मागचा रंग उष्णतेने जळालेला असतो आणि गंज तिथूनच पुन्हा धरतो. म्हणून बुजलेली भोकं सळईने मोकळी करून, हवा मारून आत मेणाचा थर देतो. जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून लोक तेच फासतात; ते धूळ धरतं आणि रबरी बुश खराब करतं.

चासीवर ठोकलेल्या नंबराला मात्र मी ग्राइंडर लावत नाही. तो गेला तर एमएच २३ ची पाटी लावून काही उपयोग नाही. गंज नंबराखाली पोचला असेल तर आधी आरटीओ, मग मी.

मुकादमाचा नंबर शाबूत आहे. पट्टी त्याला अजून पातळच वाटते. अर्धे पैसे टोळी परतल्यावर, पट्टी टिकली तर देईन म्हणाला. मी कबूल केलं. फक्त शेळ्या उतरवल्या की हौदा खालून धुवायचा, हे वहीत लिहून खाली त्याची सही घेतली.