राहुडचा घाट

आमच्या दादांनी आग्रा रोडवर तीस वर्षे मालमोटार हाकली. राहुडचा घाट चढताना इंजिन तापायचे. मग कडेला थांबायचे, डब्याने पाणी ओतायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचा काळा धूर छातीत भरून घ्यायचा. गाडी सुटून बरीच वर्षे झाली. खोकला काही सुटला नाही.

त्यांची लेक पुण्याला फ्युएल सेलचे पडदे करते. हायड्रोजन आणि हवा यांच्यापासून वीज, आणि मागे उरते ते पाणी! २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात अशी बसही दाखवण्यात आली. दिवाळीला चांदवडला आली तेव्हा पोरीने पडद्याचा एक तुकडा आणला. मला तो मिठाईच्या पुड्यावरच्या पारदर्शक कागदासारखा वाटला, आणि मी तसे बोलूनही गेलो.

“काका, वडाची फांदी डोळ्यांपुढे आणा,” ती म्हणाली. “फांदी म्हणजे कार्बन-फ्लोरिनची लांब साखळी. तव्यावरच्या टेफ्लॉनचीच जात, पाण्याला जवळ येऊ देत नाही. तिला पारंब्या, आणि पारंबीच्या टोकाला गंधकयुक्त आम्ल. ते पाण्यासाठी हपापलेले. म्हणून टोके एकत्र जमतात, त्यांच्याभोवती पाणी साठते आणि त्या बारीक पाटांतून प्रोटॉन पलीकडे जातात. इलेक्ट्रॉनला तिथे वाट नाही. तो बाहेरच्या तारेने फिरून येतो, तीच वीज.”

“मग पारंब्या दाट करा की!”

“फार दाट केल्या तर पडदा पाणी पिऊन फुगतो, लिबलिबीत होतो. विरळ केल्या तर प्रोटॉन अडतात.”

फांदीही चिवट लागते म्हणे. १९६५ साली जेमिनी यानात पॉलिस्टायरिनचे पडदे होते, ते झिजत. फ्लोरिनच्या साखळीने ते दुखणे बरेच हटवले. पाटाच्या पाण्याची भांडणे आमच्या तालुक्याला नवी नाहीत, पण ती एका रेणूच्या पोटातही असतील हे माझ्या गावी नव्हते.

दादा इतका वेळ गप्प होते. “घाट चढेल का?” एवढेच त्यांनी विचारले.

पोर जरा थांबली. “चढणीला वीज जास्त लागते, बाबा. प्रोटॉनांची रीघ लागते आणि ते जाताना पाणीही ओढून नेतात. हायड्रोजनची बाजू कोरडी पडते, हवेची बाजू तुंबते. वर उष्णता. आमचे सगळे डोके तिथेच चालले आहे.”

“म्हणजे राहुडला पाणी लागणारच!” दादा हसले, आणि हसता हसता त्यांना ढास लागली.

पोरीने तुकडा वहीत ठेवला आणि ती तांब्या आणायला आत गेली.