उतरतं ऊन आणि पंधरा इंचांची खुर्ची

वाशीमच्या नव्या लेआउटमध्ये घर बांधायचं ठरलं की पहिली चर्चा होते ती एलिव्हेशनची. मोबाइलवर फोटो फिरतात. दोन मजले उंच काच, करड्या एसीपीच्या पट्ट्या, जिन्याच्या भिंतीवर रात्री पेटणारे दिवे. आतल्या खोल्या त्या चेहऱ्यामागे जमेल तशा बसवल्या जातात. फर्निचर तर वास्तुशांतीच्या तोंडावर अकोल्याच्या एखाद्या शोरूममधून उचलून आणायचं. आमच्या घराचं सगळं उलट्या क्रमाने झालं आणि त्याचं श्रेय अमरावतीहून आलेल्या आर्किटेक्ट ताईंचं आहे. प्लॉटवर उभ्या राहून त्यांनी विचारलं, “दिवसभर घरात कोण असतं? ते कुठे बसतात? कसे बसतात?”

दिवसभर घरात असतात त्या माझ्या सासूबाई. आई मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या धाब्याच्या घरात चाळीसेक वर्षं राहिल्या. निवडणं-टिपणं, भाजी चिरणं, पाहुण्यांशी बोलणं, सगळं जमिनीवर बसून. आता गुडघे दुखतात. खाली बसल्या तर उठवत नाही आणि उंच सोफ्यावर बसून राहवत नाही. आमचा नकाशा आईंच्या बैठकीपासून सुरू झाला.

प्लॉट तीस बाय पन्नासचा, रस्ता पश्चिमेला. फोटोतलं काचेचं तोंड लावलं असतं तर दुपारी तीनपासून अंधार पडेपर्यंत बैठकीत ऊन शिरलं असतं. ताईंनी विटेच्या तुकड्याने जमिनीवर रेघा ओढून मला सूर्य समजावला. वाशीम साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली त्याच्याच बुडाशी गोळा होते. म्हणून उन्हाळ्यात सगळ्यात जास्त तापतं ते छत. दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो, कारण तिकडचं दुपारचं ऊन उंचावरून येतं. पश्चिमेला छज्जा काढून उपयोग नाही, तिथे ऊन आडवं समोरून येतं. ते अडवायचं तर उभं काहीतरी हवं.

म्हणून रस्त्याच्या बाजूला जिना, बाथरूम आणि कोठीची खोली गेली. या तिन्ही ठिकाणी माणूस फार वेळ थांबत नाही. भिंती तापल्या तरी झोपायच्या खोलीपर्यंत ताप पोचत नाही. त्यांच्या पुढे, तीन फूट अंतर सोडून, विटांची जाळी. एक वीट लावायची, एक सोडायची, अशी नऊ इंच जाडीची. ह्यांना ते पटत नव्हतं. रस्त्यावरून घर बंद वाटेल, लोक काय म्हणतील, ही त्यांची काळजी खरी होती. गावाकडे घराची ओसरी उघडी असते, येणारा-जाणारा आधी तिथे टेकतो. मग जाळी आणि भिंत यांच्यामधल्या जागेत दगडी ओटा बांधायचं ठरलं. बाहेरच्याला बसायला सावली, आतल्याला आडोसा. आज मला हे घराचं सगळ्यात देखणं अंग वाटतं, आणि ते कोणत्याही फोटोतून आलेलं नाही.

पायाची हकिगत थोडक्यात सांगते. आमची जमीन काळी, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पडणारी. ती मुरूम लागेपर्यंत खोदली, जोत्यात मुरूमच भरून दाबला आणि प्लिंथ बीमने सगळं बांधून घेतलं. या खर्चात काटकसर करू नये एवढंच म्हणेन, कारण नव्या घराला दुसऱ्याच पावसाळ्यात गेलेले तडे आमच्या भागात मी पुष्कळ पाहिले आहेत.

छताच्या वेळी ताईंनी अहमदाबादच्या ‘संगथ’चे फोटो दाखवले. बाळकृष्ण दोशींचं ते 1980 मधलं काम. अर्धगोल छतं, त्यावर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचं आच्छादन, ऊन परतवणारं. दोशींचा जन्म 1927 मध्ये पुण्यात झाला, तोही फर्निचरचा व्यवसाय असलेल्या घरात, हे मला तेव्हा कळलं. वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झ्कर पुरस्कार 2018 मध्ये मिळवणारा पहिला भारतीय माणूस सुतारकामाच्या वासात वाढला, याचा मला फार आनंद झाला. आमचं छत सपाटच आहे, पण त्याची कातडी ‘संगथ’सारखी. कोब्यावर दुकानातून आणलेले फुटक्या पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवले. वाळवणं घालायला ही गच्ची उत्तम. कुरडया-पापडांखाली कापड अंथरलं की झालं.

कूलरबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण वऱ्हाडातल्या घराचा तो अर्धा उन्हाळा आहे आणि नकाशात त्याला कुणी जागा देत नाही. घर झाल्यावर खिडकीचे गज कापून लोखंडी स्टँडवर तो लटकवतात. आमच्याकडे उत्तरेच्या भिंतीत त्याच्या मापाची चौकट ठेवली, खाली काँक्रीटची फळी, शेजारी पाण्याचा नळ आणि सांडपाण्याला उतार. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून ओढून आत ढकलतो. आतली हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोली नुसती दमट होते. म्हणून समोरच्या भिंतीत, छताजवळ, आडवे झरोके. मे महिन्याच्या लूमध्ये ही व्यवस्था फार छान चालते. जूनमध्ये ढग आले, हवेत ओल आली की कूलरचा जोर सरतो, तेव्हा त्याच झरोक्यांमधून वारा खेळतो. या झरोक्यांमुळे पीओपीचं फॉल्स सीलिंग आपोआप बाद झालं. मला त्याची खंत नाही. पंख्याखाली उंच, मोकळं छत असणं ही आमच्या हवेत चैन नव्हे, गरज आहे.

फर्निचर घराबरोबरच नकाशावर आलं. गावचं धाब्याचं घर पडायला झालं होतं. त्याचे खांब, तुळया, कड्या सागवानी होत्या. आरामशीनवाल्याने आधी प्रत्येक लाकडातले खिळे काढून आणायला सांगितलं, कारण आत राहिलेला एक खिळाही पातं तोडतो. आमचा वाढई, वाशीमचाच वयस्क मिस्त्री, हाताने चाचपून खिळे काढत बसला. पहिली फळी चिरली तेव्हा आतून मधाळ रंग निघाला. विदर्भाचं सागवान नावाजलेलं. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर जिल्ह्यातून सागवान गेलं तेव्हा आमच्याकडेही त्याचं कौतुक झालं होतं. पण घरोघरी येतं ते भुशाच्या बोर्डाचं कपाट, दोन पावसाळ्यांत कडा फुगणारं.

खुर्चीचं माप हा आमचा सगळ्यात मोठा विषय झाला. शोरूममधल्या खुर्चीची बैठक अठरा इंच उंच. आई तिथे बसून बघून म्हणाल्या, “खुर्ची चांगली आहे वं बाई, पण माहे पाय जमिनीले लागतच नाहीत.” पाय लोंबकळले की मांडीच्या खालच्या बाजूला दाब येतो, मुंग्या येतात. अहमदाबादच्या एनआयडीने 1997 मध्ये देबकुमार चक्रवर्तींचं भारतीय शरीरमापांवरचं पुस्तक काढलं. परदेशी शरीरांच्या तक्त्यांवरून इथल्या वस्तू बनवू नयेत, आपल्या माणसांची मापं हाताशी असावीत, हा त्यामागचा विचार. ताईंकडे ते होतं. तरीही त्यांनी आधी टेप काढून आईंचं माप घेतलं, गुडघ्यामागच्या खाचेपासून टाचेपर्यंत. बैठक पंधरा इंचांवर आली. पण कमी उंचीवरून दुखऱ्या गुडघ्यांनी उठायचं कसं? त्यासाठी खुर्चीचे हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत लांबवले. दोन्ही तळव्यांनी रेटा देऊन उठता येतं.

मग दिवाण. आईंना मांडी घालून बसायचं असतं, सोफ्याच्या वीस-बावीस इंच खोलीत मांडी मावत नाही. दिवाण तीस इंच रुंद केला. एका टोकाला कमी उंचीची फळी, तिच्यावर तांदूळ निवडायचं ताट राहतं. मिस्त्रीने विचारलं, “ताई, पायाले डिझाइन करू का? कारंज्याच्या मंदिरात पाह्यलं असंन तुमी, तसं.” कारंजा लाडच्या काष्ठासंघ मंदिरातलं लाकडी कोरीवकाम त्याच्या मनात होतं. ते मीही डोळे भरून पाहिलंय, पण आमच्या काळ्या मातीच्या धुळीत नक्षीच्या प्रत्येक खाचेत बोट घालून पुसावं लागेल. पाय साधे ठेवले, कडा तेवढ्या गोलवल्या, आणि खाली सहा इंच जागा सोडली म्हणजे झाडू आरपार जातो. मिस्त्रीचा हात मात्र सांध्यांमध्ये दिसतो. खिळा न मारता जोडलेले ते सांधे मी पाहुण्यांना वाकून बघायला लावते.

स्वयंपाकघरात ओटा बत्तीस इंच, माझ्या उंचीला बेताचा. त्यालाच लागून एक तुकडा अठ्ठावीस इंचांवर, भाकरी थापण्यासाठी. ज्वारीचं पीठ मळायला खांद्याचं वजन खाली पडावं लागतं, उंच ओट्यावर मनगटं भरून येतात. मॉड्युलर किचनच्या माहितीपत्रकात असा उतरता ओटा मला सापडला नाही. सिंकखालची कपाटं मरीन प्लायची, बाकीची साध्या प्लायची. नव्या वस्तूंशी माझं वैर नाही. चॅनेलवर अलगद सरकणारा ड्रॉवर आईंच्या वाकण्याचे कष्ट वाचवतो, तो मी हौसेने बसवून घेतला. वर्षाचा गहू आणि तूरडाळ कोणत्याच ट्रॉलीत मावत नाही, म्हणून ती पश्चिमेची कोठीची खोली. तिथेच, भिंतीत कोनाडा ठेवून, आईंच्या लग्नातलं गोदरेजचं कपाट बसवलं. ही कंपनी 1923 पासून पोलादी कपाटं बनवते आहे. आमचं त्यातलं उतारवयातलं एक, रंग देऊन कामावर रुजू आहे.

भिंतीतच फळ्या आणि खुंट्या असाव्यात हे मी सेवाग्रामला पाहिलं होतं. बापूकुटीत माती, बांबू आणि कौलांच्या घरात बसायची जागा, लिहायची जागा, पुस्तकांची फळी, सगळं घराबरोबरच घडलेलं आहे. आत वेगळं फर्निचर आणून ठेवलंय असं वाटतच नाही. विदर्भात आधुनिक घराचा विचार शिकायला यापेक्षा जवळची शाळा मला ठाऊक नाही.

सध्या रिसोडला नणंदेचं घर सुरू आहे. तिने आमचा नकाशा मागितला. मी दिला नाही, टेप घेऊन गेले. तिचा रस्ता पूर्वेला आहे, पश्चिमेला शेत, आणि सासरे सहा फुटांचे. त्यांना आमच्या खुर्चीत बसवलं तर गुडघे छातीशी येतील. त्यांची बैठक साडेसतरा इंच भरली. कोठीची खोली शेताच्या बाजूला घ्यावी, पोती थेट आत उतरतील, असं मी सुचवलं. नणंदेला तिथे खिडकी हवी आहे, सोयाबीनचं हिरवं शेत दिसावं म्हणून. जाळी लावून दोन्ही साधेल का, याचं चित्र ताई काढणार आहेत.